होटगीच्या साईडिंगला

नरसय्या बोद्दुल स्कूटरवर मागे बसला,
कॅमेरा पोटाशी, लेकरू धरावं तसा.
होटगी रोडभर एकच वाक्य:
"गाडी थांबंल रे, ऊन नाही थांबायचं."

साईडिंगला ती उभी होतीच,
मीटरगेजच्या काळातली रेलकार,
तोंड बसचं, चाकं रेल्वेची.
रंगाचे पापुद्रे सुटलेले, पायरीवर शेळी.
शेळीनं जागा सोडली नाही.

रोलमध्ये चार फोटो शिल्लक.
एक शेळीसकट काढला.
एक नंबर पुसला गेलाय तिथला,
आधी बोटानं चाचपून.
मग सिमेंटची मालगाडी आली.
अठ्ठावन्न डबे, मी मोजले.
त्यानं कॅमेरा उचललाच नाही.

गिरणीत बावीस वर्षं मागावर,
निम्मे कान तिथंच राहिलेले.
तो रेलकारच्या पत्र्याला तळवा लावून उभा, डोळे मिटून.
"थरथरतीय," म्हणाला. "हिला कळतंय बघ,
शेजारच्या रुळावर कोण चाललंय ते."

माझा हात ओढून त्यानं पत्र्यावर ठेवला.
तोवर गार्डचा डबाही
टिकेकरवाडीकडे वळला होता.
पत्रा नुसता तापायला लागलेला.
मी म्हटलं, "हो, लागतंय."

शेंगाची चटणी, कडक भाकरी,
रेलकारच्या सावलीत बसून खाल्ली.
अर्धी भाकरी शेळीनं नेली.
रोलमधले दोन फोटो
तसेच घेऊन आलो.