टिपा लिहा (कोणत्याही दोन)

पाचपावलीच्या रात्रशाळेत मे महिन्यातही वर्ग भरतो,
जुलैची परीक्षा डोक्यावर.
शिकवणारी मी एकटी, आणि एक कूलर.
तो माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतो.

फळ्यावर लिहिलं : पात्र.
म्हटलं, कथेत जे वागतं, बोलतं, बदलतं, ते.
नंदनवारकाका मागच्या बाकावरून :
"मॅडम, आमच्याकडे पात्र म्हणजे नाग नदीचं.
ते बी वागते. पावसाळ्यात घरात येते.
बदलत मात्र काहीच नाही."
हसले सगळे. मी वहीत टिपून घेतलं,
सपाट पात्र, उदाहरण पहिलं.

अंक म्हणजे इरशादला वाटले गुण.
पस्तीस मिळाले की तो बुटीबोरीला फोरमन.
नाटक पाच अंकी, म्हणताच दचकला :
"पाच अंकांत कोण पास होते जी?"

उत्कर्षबिंदू : सत्तेचाळीस डिग्री.
हे देवचंदचं उत्तर, कूलरच्या दुकानातलं.
मृग लागला की गिऱ्हाईक उतरते,
हप्ते उतरत नाहीत.
मी पुस्तकातली आकृती पुसली,
डोंगराची एकच बाजू ठेवली.

खलनायक विचारला तर कोणी नाव घेईना.
एकानं मुकादमापासून सुरुवात केली,
मुकादमाची पोरगी दुसऱ्याच बाकावर आहे
हे आठवलं, आणि खोकत बसला.
संघर्ष, मी मनात म्हटलं. आतला.

प्रमिला गजभिये कधी हात वर करत नाही.
त्या रात्री केला, अर्धाच.
"मॅडम, नाटकात एखादा असते,
ज्याच्याबद्दल सारे बोलतेत,
ज्याचं ताट वाढून ठेवतेत,
अन् तो शेवटपर्यंत स्टेजवर येतच नाही.
त्याले काय म्हणतेत?"

कूलर घरघरला, थांबला. टाकी कोरडी.
माझ्याकडे स्वगत होतं, विष्कंभक होता,
विदूषकाच्या तीन व्याख्या होत्या.
म्हटलं, उद्या बघून सांगते.

बघितलं.
आलमारीतला जाडा कोश
'नवरस'वरून थेट 'नांदी'वर जातो.
'नसलेला' मध्ये कुठेतरी यायला हवा होता.

तेवढ्यात ती उठली होती,
व्हरांड्यातल्या माठातून गंजभर पाणी आणून
न सांडता टाकीत ओतलं होतं.
पंपाला दोन उचक्या लागल्या, मग वारा आला,
वह्यांची पानं मागं गेली,
आणि कोणालाच सापडेना
आपण कुठल्या शब्दावर होतो.

चाचणीत तिनं एकच टीप लिहिली.
"पात्र : जे रिकामं असलं तरी
जाग्यावर ठेवा लागते."

दोनपैकी दीड दिला.
अर्धा शुद्धलेखनाचा कापला.
तो अर्धा अजून माझ्याकडे आहे.