सात फूट

कॅमेरा म्हणतो, लेन्स नाही.
आहे की. चोपड्याच्या सुपडू फोटोवाल्याची,
आत कडेला बुरशीचा एक धागा,
ग्रीस इतकं आळलेलं
की सरळ फिरते ती फक्त मे महिन्यात.

रिंगवर आकडे फुटांत.
सातचा रंग तेवढा उडालेला:
ट्रायपॉडपासून स्टुलापर्यंत सात फूट,
तिथं बसल्या स्थळांना फोटो धाडायच्या पोरी,
दहावीची ओळखपत्रं,
जावळ काढलेलं एक रडकं पोर.
‘आठे देख.’
रिंग अजून आपोआप तिथंच अडते.

केळीत पानांच्या कडा विरघळल्यात.
डोक्यावर घड घेऊन झेलाबाई येतेय,
वीस फूट, बारा, नऊ.
मी काहीच फिरवत नाही.
आठावर ती थांबते,
‘बिगडेल शे का मशीन?’

एक पाऊल, मावशी.
एकच.