मधला चेहरा

सोहारच्या मॉलमध्ये, तळमजल्यावर,
पुरुषांच्या टॉयलेटबाहेर एक पाटी आहे
माझ्या छातीच्या उंचीवर.
तीन चेहरे: हिरवा, पिवळा, लाल.
हात झटकत बाहेर येणारा माणूस
जाता जाता एकाच्या गालावर बोट टेकवतो.
ते बोट माझ्याबद्दल असतं.

लाल वीस झाले की श्रीजित कागद दाखवतो
आणि दोन रियाल कापतो.
परवा एक पोर, असेल तीन वर्षांचं,
आईचा अबाया सोडून पाटीला चिकटलं.
लाल दाबला की टुण वाजतं, हे त्याला कळलं,
मग सलग चौदा वेळा.
मी मॉप धरून बघत राहिलो. काय सांगणार?
हसत होतं ते, पोट धरून.
त्या आठवड्यात मनापासून हसलेलं तेवढं एकच,
आणि नोंद झाली: चौदा नाराज.

पाटी दर दोन तासांनी पुसायची असते.
ओल्या फडक्यालाही मत असतं, हे मला उशिरा समजलं.
म्हणून मी हिरव्यापासून सुरू करतो
आणि लालपाशी आलो की फडकं उचलतो.
लाल चेहऱ्यावर कायम थोडी धूळ असते.

रात्री खोलीत सहा खाटा, सहा उजेड.
प्रत्येकाच्या अंगठ्याखाली पिवळी पिवळी तोंडं.
दाऊदकाका म्हणतात, आमच्या वेळी कॅसेट होती.
दोन्ही बाजू भरून बोलायचं
आणि दापोलीकडे निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत सरकवायची.
खोकला आला तर तोही जायचा घरी.
आई म्हणे तेवढाच भाग
मागे नेऊन नेऊन ऐकायची.
“तुमचं बरं आहे,” काका म्हणतात,
“तुमच्या बाहुल्यांना खोकला नाही.”

प्रमिला प्रत्येक निरोपाच्या शेवटी हात जोडते.
सिलिंडर आला, हात.
मोनूची फी भरली, हात.
भांडतानाही हात.
पिवळेधमक, एकही बांगडी नसलेले.
मी म्हटलं, ते हात नको पाठवूस, बरं नाही दिसत.
म्हणाली, दुसरे सापडत नाहीत.

मी पाठवतो तो
डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारा.
एका पगारात दोन्ही कामं करतो बिचारा.

गेल्या बुधवारी घसरलो.
तिथेच, जिथे मीच बोर्ड लावला होता
घसरणाऱ्या माणसाचा.
(त्या माणसाला चेहरा नसतो. बघा कधी.)
उजवं मनगट टम्म.
प्रमिला म्हणाली, व्हिडिओ लाव.
डाव्या हाताने लिहिलं, नेट नाही,
आणि पुढे तीन हसरे.
एक पुरला असता.

बराच वेळ नुसत्या निळ्या खुणा.
मग तिच्याकडून
हात नाहीत, शब्द नाही,
एकच तोंड: दोन ठिपके, खाली आडवी रेघ.

लग्न ठरल्यावर तिचं एक पत्र आलं होतं लांज्याहून,
सगळी अक्षरं बोडकी, डोक्यावर रेघ नाही.
नंतर विचारलं तर म्हणाली,
रेघा मारत बसले असते तर पोस्ट बंद झालं असतं.
अक्षरं लागली ना?

तेव्हा राहिलेली रेघ
तिने सोळा वर्षांनी मारली.
खाली एकही अक्षर लटकत नव्हतं
आणि मला सगळं लागलं.

आज मॉल बंद होताना
पाटीसमोर उभा राहिलो, फडकं खिशात.
मधल्याला दिवसभर कुणी फारसा हात लावत नाही.
रागावलेले लाल दाबतात, घाईतले हिरवा.
डाव्या बोटाने दाबला. टुण.
बरा नाही, वाईट नाही, असा एक जण
उद्या कागदावर जास्तीचा असेल.
श्रीजित विचारणार नाही, कोण.
मधल्याचे पैसे कापत नाहीत.

खोलीवर येऊन माइकचं बटण दाबून धरलं.
म्हटलं, ऐक.
पुढचं सुचेना.
पंखा, भिंतीपलीकडचा नळ,
आणि मागे दाऊदकाका खोकले, दोनदा.
नऊ सेकंद झाले होते.
पुसलं नाही.
तसंच पाठवलं.