दुसऱ्या भातावर

शाळेच्या भटारखान्याची पगारचिठ्ठी येते
तेव्हा माझ्या नावाशेजारी एक आकडा असतो:
१२५७, आणि पुढे एल.
त्यातलं शेवटचं शून्य सरकारने गाळलेलं असतं
हे कळायला मला तीन वर्षं लागली.
बारा हजार पाचशे सत्तर पौंड.
तिथपर्यंत वर्षभरात
माझ्या पैशाला कुणी हात लावणार नाही,
एवढाच त्याचा अर्थ.

ऑक्टोबरात दुसरं काम धरलं.
केटरिंगच्या बाजारामागे हिशेबनिसांची कचेरी,
आठवड्यातून तीन दिवस,
पहाटे पाच ते साडेसात.
मी पुसते त्याच टेबलांवर दिवसा
लोकांचे कर वाचवले जातात.

पहिली चिठ्ठी आली. आकडा नाही.
नुसती दोन अक्षरं, बी आर.
कमाई चारशे वीस,
हा आकडा बघून आधी हसूच आलं,
मग खाली पाहिलं:
चौऱ्याऐंशी गेलेले.
पाचातला एक, पहिल्या पौंडापासून.

डानुटा म्हणाली, दुसऱ्या नोकरीला जास्तच कापतात,
हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.
मॉप पिळता पिळता म्हणाली,
म्हणून मला ते खरं वाटलं.

खरं तसं नाही.
पंगतीत तूप पहिल्या भातावर पडतं.
दुसरा भात येईतो
तुपाची वाटी चार पानं पुढे गेलेली असते.
भात तोच, तांदूळ तोच,
आणि वाढप्याचं तुमच्याशी वैर नसतं.
त्याच्या हिशेबी तुमचं तूप वाढून झालं.

पण माझं पहिलं पान लहान.
शाळेला सुट्ट्या फार, आणि सुट्टीचा पगार
मीठ चाखावं इतका.
वर्षाचे होतात अकरा हजार दोनशे.
टोपलीतल्या एका पाकिटाच्या पाठीवर
मी वजाबाकी केली, हातचा घेऊन,
तेराशे सत्तर उरले.
एवढं तूप कुठल्याशा वाटीत
माझ्या नावाने थिजून पडलं होतं.

फोन लावला.
सत्तेचाळीस मिनिटं एकच धून,
त्यात कुकर झाला, डाळ घोटून झाली.
मग मोराग नावाची बाई, स्कॉटलंडकडचे उच्चार,
जन्मतारीख, विम्याचा नंबर, पोस्टकोड.
नोकऱ्या किती? दोन.
मुख्य कुठली?

आणि मला उत्तर येईना.

भटारखान्यात एकशे ऐंशी मुलं
मला नावाने हाक मारतात, चुकीच्या नावाने, पण मारतात.
कस्टर्ड जास्त घाला म्हणतात.
कचेरीत चार महिन्यांत
मला कुणी पाहिलेलंच नाही,
फक्त एका टेबलावर एकदा चिठ्ठी होती:
कृपया कॅक्टसला पाणी घालू नये.
मी घालत नव्हते.
पण तिथे उजाडताना
खिडकीजवळ उभी राहते तेव्हा
अख्ख्या मजल्यावर मी एकटी असते,
आणि तसं मला दुसरीकडे कुठेच होता येत नाही.

हॅलो, मोराग म्हणाली, आहात ना?
आहे.
जिथे पगार जास्त, ती मुख्य लिहू या?
लिहा.

तिने आकडा फोडला.
बराचसा शाळेला ठेवला, थोडा कचेरीला दिला.
फेब्रुवारीच्या चिठ्ठीत बी आर नव्हतं,
१३७ होते,
आणि अडीचशे पौंड परत आले होते,
वर दोन-तीन सुटे.

गॅसचं बिल भरलं. ओंकारचे बूट घेतले.
उरल्यात लोण्याच्या चार वड्या आणल्या, कढवल्या.
छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला,
ओंकार टॉवेल घेऊन खुर्चीवर चढला,
शेजारच्या बाईंनी भिंत ठोकली.

दुसऱ्या भाताला मी वाटी कलती केली.
पुरे आई, तो म्हणाला.
थांब जरा, म्हटलं.

तो झोपल्यावर भांड्याच्या तळाची बेरी
साखर घालून खरवडून खाल्ली,
ओट्याशी उभ्यानेच.
सव्वाचारचा गजर लावायचा होता.