उशिराचं कारण

दर तिसऱ्या गुरुवारी
मी निळी बस घेऊन उत्तरेला निघतो,
फिनलंड संपत येतो त्या बाजूला.
आत साडेतीन हजार पुस्तकं, एक हीटर,
आणि दाराची पायरी, जी उघडताना कुरकुरते
समीक्षकासारखी.

डिसेंबरात सूर्य इथे उगवायचं नाव काढत नाही.
दुपारी बारालाही आभाळ म्हणजे सांडलेली दौत.
बसचा दिवा बघून लोक येतात
बूट आपटत, बर्फ झाडत,
आणि म्हणतात, "दे काहीतरी."
काहीतरी म्हणजे नेमकं काय
हे ओळखायचाच मला पगार मिळतो.

अस्लकला खून लागतो, तोही पहिल्या दहा पानांत.
चारशे रेनडिअर राखणारा गडी,
बोलतो इतकं हळू की कुत्रंही कान टवकारतं.
त्याला एकदा मुद्दाम प्रवासवर्णन दिलं, वाळवंटातलं.
परत करताना म्हणाला,
"बरं आहे. पण शेवटपर्यंत कुणी मेलंच नाही.
मी उगाच संशय घेत बसलो,
विशेषतः त्या उंटवाल्यावर."

इंकेरीबाई पाककृतींची पुस्तकं नेतात
आणि कादंबरीसारखी वाचतात, उशाशी दिवा लावून.
स्वतः मात्र बटाटे नि मासा, बारा महिने तेरा काळ.
"चिंच," त्या मला विचारतात, "कशी असेल रे?"
मलाही ठाऊक नाही.
आम्ही दोघं चिंचेच्या चित्राकडे बघत उभे राहतो
आणि का कोण जाणे, दोघांच्याही तोंडाला पाणी सुटतं.

उर्पो गॅरेजवाला पुस्तक नेत नाही.
ऊब घ्यायला येतो,
इंजिनाला कान लावून म्हणतो, "वसंत नाही बघायची ही."
त्याच्या हातात मी काय काय कोंबलं!
पाणबुड्या, मंगळावरच्या वसाहती,
एका पैलवानाचं आत्मचरित्र, भुतं, लढाया.
सगळी कोरी करकरीत परत.
मग एका फेब्रुवारीत
कवितांचं एक काडीएवढं पुस्तक
त्याच्या हत्यारपेटीखाली चिकटून चुकून गेलं.
आलं ते ग्रीसच्या अंगठ्यांसकट,
सत्ताविसाव्या पानावर सगळ्यात जास्त.
मी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही.
नियमानं दंड लावायला हवा होता.
ते पान आता मला पाठ आहे.

परवा सैमी आली, वय वर्षं नऊ, पुढचे दोन दात गायब.
डायनासोर परत केले, ज्वालामुखी घेतले,
आणि दारात थबकून म्हणाली,
"तू काय वाचतोस?"
"मी? मी सुचवतो."
"म्हणजे वाढपी उपाशीच!"

हसलो. मग हसू विरलं.
मलपृष्ठं वाचतो मी, पहिली पानं वाचतो,
कुणाला काय लागू पडेल ते हुंगत फिरतो.
पण विनाकारण, नुसतं मजेसाठी,
शेवटचं पुस्तक कोणतं?
गिअरवर हात ठेवून किती वेळ आठवत होतो.

तिनं दप्तरातून स्वतःचं काढलं,
कोपरे दुमडलेलं, मधे जॅमचा डाग.
"वीस मिनिटं लागतात. मोठ्यांना जास्त.
पुढच्या वेळी परत कर. हरवलंस तर दंड."

नदीच्या वळणावर गाडी बाजूला घेतली.
म्हटलं, चित्रं तेवढी चाळू.
दोनदा वाचलं.
दुसऱ्यांदा वाचताना इतका हसलो
की काचा आतून धुरकटल्या
आणि थर्मासातली कॉफी गार झाली.

पुढच्या गावात सात माणसं ताटकळत उभी,
त्यात उर्पोची बहीण, हातातलं घड्याळ नाकाशी धरून.
नोंदवहीत रकाना असतो: उशिराचं कारण.
मी लिहिलं, "रस्त्यात प्राणी."
खालच्या सहीला ते पुरतं,
रेनडिअर असणार, इथे रोजचंच आहे.

कुठला प्राणी ते मी लिहिलं नाही.
जांभळा गेंडा होता, चष्मा लावलेला,
आणि त्याला अंधाराची भीती वाटत होती.