हितसंबंध

कंपनीचा फोन शनिवारीच येतो.
स्कूटर खाडीपुलावर थांबवून घेते.
कॉलेजच्या वेळेत नाही, एवढं पाळलंय.

पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती फिकी,
पेजेच्या निवळीसारखी.
‘आहे’ धरायची की ‘नाही’?
मॅडम, तुमचं मत, ते म्हणतात.
मताचे पैसे तिमाहीला जमा होतात.

रक्त सत्यभामा घाडीचं.
तरवा लावता लावता ताप घेऊन आली,
डोळे हळदीचे.
मी कुणाची सल्लागार, तिला काय ठाऊक.
विचारलं एवढंच, “बाय, भात खाव मां?”

बाबा मालवणच्या वाळूत लिलाव पुकारायचे.
दलाली उघड, सगळ्या बंदराला माहीत.
फक्त एक:
“जेचो लिलाव आपण केलो,
तेतलो बांगडो आपल्या घराक येवचो नाय.”
आई दुसऱ्या टोपलीतले घ्यायची,
कुरकुरत, महाग.

शोधनिबंधाच्या शेवटी रकाना:
हितसंबंध असल्यास नमूद करा.
नाव लिहिलं. रक्कम लिहिली, पुरी.
मग तक्त्याकडे परत गेले.
फिक्या रेघांचे सतरा नमुने
‘अनिश्चित’मध्ये हलवले.

सत्यभामाचा अठरावा.
त्यावर बोट ठेवून
अजून बसलेय.