दिवाडीला कधी यावं

कुंदा, तू विचारलंस हवा कशी आहे.
दमट. काल दमट, उद्याही दमट.
बरणीतलं मीठ गोळा होऊन बसलंय,
काड्यापेटीची तिसरी काडी पेटते.
शर्ट दोन दिवस दोरीवर राहिला की
वाळला असं आम्ही ठरवतो.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर ये.
फेरीबोट वीस मिनिटांनी सुटते,
म्हणजे भरली की सुटते.
चालत्या माणसाला तिकीट नाही.
सुकाणूवर इनास असला तर तू दुरून धावताना दिसलीस
तरी थांबेल. नवा पोरगा असला
तर तो मोबाइलमध्ये असतो.
पत्र्यावर पाय जपून टाक,
डिझेल सांडलेलं असतं
आणि पदेराच्या सायकलीला ब्रेक नसतात.

ऑक्टोबर नको.
खाजनात भात पिवळं होतं, बघायला छान,
पण ऊन मानेवर बसून राहतं, उठत नाही.
डिसेंबर चांगला, असं सगळे म्हणतात.
तेव्हा लोक भाड्याच्या सायकली घेऊन येतात,
आपल्या तुळशीचा फोटो काढतात,
मी मध्ये आलो तर हातानं बाजूला व्हायला सांगतात.

जानेवारीत पहाटे धुकं.
पलीकडे काठ आहे हे
आठवणीवर विसंबून मानायचं.
बोट मधोमध थांबते, इनास भोंगा देतो,
मग धक्क्यावरून कुणीतरी पत्र्याचा डबा बडवतं
आणि आवाजाच्या दिशेनं आम्ही सगळे, कोळणी, मास्तर,
एक बोकड, हळूहळू सरकतो.
तुला ते आवडेल असं वाटतं. माहीत नाही.

मे महिन्यात विहीर मचूळ होते.
मानकुराद असतात, उर्राक असतो,
संध्याकाळी चारला नदीवरून वारा येतो
तोपर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही.
आणि जुलैत मांडवी तांबडी,
वरून ओंडके येतात, कधी अख्खं केळीचं झाड, घडासकट.
मानशीची फळी सुटली तर खारं पाणी शेतात.
रस्ता बुडतो. बोट चालू असते.

एकोणीस वर्षं मी तुला हे सांगतोय.
तू फोन करतेस, हवा विचारतेस,
ऐकून घेतेस, आणि ठेवतेस.

तू गेलीस तो सप्टेंबर होता.
भांडण जेवणाआधी झालं, पानं तशीच राहिली.
ओहोटी होती, बोट आणि धक्का यांच्यात हातभर फट,
तू आधी पिशवी फेकलीस, मग उडी मारलीस.
अप्पा पाठ करून उभे होते, नदीकडे नव्हे, चर्चच्या टेकडीकडे.
त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं.
वादळ असतं तर बोट बंद राहिली असती,
तू एक रात्र थांबली असतीस.
एक रात्र पुरली असती. मला अजून तसं वाटतं.

देवसुद्धा या बेटावरून पलीकडे नार्व्याला गेला,
तिथलाच झाला.
तरी अष्टमीला माणसं या काठाच्या पाण्यात उतरतात.
मी काही शिकवत नाही तुला,
सहज आठवलं.

अप्पांना आता फारसं ऐकू येत नाही.
बोटीचा भोंगा मात्र येतो.
प्रत्येक वेळी विचारतात, कोण उतरलं?
मी नावं सांगतो. ते पुन्हा विचारतात.

तेव्हा महिना कुठलाही चालेल.
शेवटची बोट चुकली तर धक्क्यावरून हाक मार,
वारा तिकडून इकडे असला तर पोचते,
इनासची होडी आहे.
रेनकोट, छत्री काही आणू नकोस.
घरात चार छत्र्या आहेत, त्यातली लांब दांड्याची तुझी.
एक काडी मोडलीय.
उघडते पण.